श्वास चालू असताना : प्रस्तावना

सीटी स्कॅनची सुरुवात डोक्यापासून झाली, हे नशीबच म्हणायचे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटचा मेंदू पाहिला गेला. यंत्र एकेका अंशाने फिरायचे आणि प्रत्येक अंशाला १६० मोजमापे घ्यायचे. १८० अंश पुरे होऊन २८,८०० मोजमापे जमेपर्यंत पाचेक मिनिटे जायची. रबरी टोपीत, पाण्याच्या पेटीत बसवलेले डोके एवढा वेळ स्थिर राहू शकते. हेच यंत्र त्या दिवशी कुणाच्या पोटावरून फिरवले असते, तर तेवढ्यात त्या माणसाने साठ-सत्तर श्वास घेतले असते, यकृत तितक्याच वेळा खालीवर झाले असते आणि चित्रात नुसता काला उतरला असता. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळाले त्याचे श्रेय कवटीलाही थोडे द्यायला हरकत नाही.

छाती-पोटाला ही सवलत नाही. स्वस्थ पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. दर श्वासाला श्वासपटल सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली येते, खोल श्वासात त्याहून कितीतरी जास्त. त्याच्याखालचे यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, दोन्ही मूत्रपिंडे त्याच्या मागोमाग सरकतात. फुफ्फुसाचा तळ पुष्कळ हलतो, शेंडा जेमतेम. शिवाय ही हालचाल सरळ खाली-वर अशी नसते. फुफ्फुसातली गाठ श्वास घेताना ज्या वाटेने खाली जाते त्याच वाटेने वर येईल असा भरवसा नाही. अनेकदा ती लांबट फेरा घालून परतते. त्यात एक श्वास दुसऱ्यासारखा नसतो, आणि स्कॅनच्या पलंगावर निजलेला माणूस पहिल्या मिनिटाला जसा श्वास घेतो तसा दहाव्या मिनिटाला घेत नाही. सुरुवातीला तो धास्तावलेला असतो, नंतर त्याचा डोळा लागतो.

या हालचालीचे काय करायचे, हा या पुस्तकाचा विषय. गेल्या पन्नास वर्षांत त्यावर जे उपाय निघाले त्यांत फुकट एकही नाही. कुठे वेळ खर्च होतो, कुठे पेशंटला जास्त किरण सोसावे लागतात, आणि कुठे काहीतरी गृहीत धरावे लागते. वेळ घड्याळात दिसतो, किरणांची मात्रा नोंदीत उतरते. गृहीत धरलेली गोष्ट मात्र फिल्मवर कुठेच छापलेली नसते, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही ती बहुधा विचारावी लागते. मला या प्रस्तावनेत मुख्यतः तिच्याबद्दल बोलायचे आहे.

सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पेशंटला श्वास रोखायला सांगणे. सीटीच्या बाबतीत हा उपाय खऱ्या अर्थाने हाती आला तो १९८९ मध्ये, विली कालेंडर यांनी सर्पिल सीटी मांडली तेव्हा. पलंग सरकत असताना नळी अखंड फिरत राहिली की सबंध छाती एका दमात टिपता येते. १९९८ च्या सुमारास एका फेऱ्यात अनेक छेद घेणारी यंत्रे आली आणि तो दम आणखी आखूड झाला. आता छातीच्या साध्या स्कॅनला काही सेकंद पुरतात. एमआरआयचे तसे नाही. यकृताच्या एकेका मालिकेसाठी पंधरा-वीस सेकंद श्वास धरावा लागतो, आणि अशा मालिका एकामागून एक घ्याव्या लागतात.

इथे तंत्रज्ञानाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा असतो : श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा. हे वाक्य यंत्रातून ध्वनिमुद्रित आवाजात येते किंवा काचेपलीकडचा टेक्निशियन माइकवरून सांगतो. यंत्राचा आवाज हिंदी किंवा इंग्रजी असेल आणि आत गावाकडची, कमी ऐकू येणारी आजी असेल, तर ती पहिल्या सूचनेलाच श्वास रोखते, दुसरीला सोडते आणि प्रत्यक्ष चित्र सुरू होते तेव्हा धापा टाकत असते. जाणता टेक्निशियन तिला आत सरकवण्यापूर्वी पलंगाशीच दोनदा सराव करून घेतो, तिच्या पोटावर हात ठेवून पाहतो आणि मगच काचेपलीकडे जातो. या दोन मिनिटांनी जेवढी चित्रे वाचतात तेवढी एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरनेही वाचत नसतील, असे माझे मत आहे, आणि ते मी विक्रेत्यांसमोरही बदलणार नाही.

किती वेळ श्वास धरता येतो, याला लोक उगीच महत्त्व देतात. कुंभकाचा सराव असलेला माणूस आरामात चाळीस सेकंद थांबेल. पण प्रश्न पुढच्या वेळी त्याचे श्वासपटल त्याच जागी थांबेल का, हा आहे. भरलेल्या छातीने थांबायला सांगितले तर दर वेळी जागा वेगळी पडते. श्वास सोडून थांबले की जागा त्यामानाने नेमाने तीच सापडते. म्हणून पोटाच्या एमआरआयला श्वास सोडून थांबवण्याकडे कल असतो, तर छातीच्या सीटीला फुफ्फुस पुरते फुललेले हवे म्हणून भरून थांबवतात. आणि श्वास रोखलेला असतानाही श्वासपटल हळूहळू वर सरकत राहते. थांबलो असे आपल्याला वाटते एवढेच.

एमआरआयमध्ये श्वासाने नेमके काय बिघडते हे समजून घेण्याजोगे आहे, कारण ते फोटो हलल्यासारखे मुळीच नसते. एमआरआयचे यंत्र शरीराचे चित्र तुकड्यातुकड्याने काढत नाही. ते वेगवेगळ्या लहरींच्या रूपात ओळीमागून ओळ माहिती गोळा करते, आणि त्यातली प्रत्येक ओळ सबंध चित्रावर पसरलेली असते. दोन ओळींच्या मध्ये पोट वर आले, तर चूक पोटापुरती राहत नाही. पोटाच्या पुढच्या भिंतीवरची चरबी एमआरआयवर लखलखीत दिसते. तिची फिकट प्रत यकृताच्या मधोमध उमटते, आणखी एक महाधमनीवर, तिसरी पाठीच्या मणक्यापाशी. श्वास जितका नियमित तितक्या या प्रती रेखीव आणि समान अंतरावर. टेक्निशियन याला घोस्टिंग म्हणतात. अशी एखादी प्रत यकृतातल्या बारक्या गाठीवर पडली की गाठ झाकली जाते. आणि निरोगी जागी पडली की नवशिक्याला गाठ दिसते.

१९८९ मध्ये रिचर्ड एहमन आणि जोएल फेल्मली यांनी यावर जो मार्ग सुचवला त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. मुख्य मोजमापांच्या अधूनमधून, उजव्या श्वासपटलाच्या घुमटातून जाणाऱ्या एका बारीक उभ्या पट्ट्याचा संकेत घ्यायचा. वर फुफ्फुस, खाली यकृत. दोहोंमधली कड कुठे आहे ते क्षणात कळते. कड ठरवलेल्या खिडकीत असेल तर घेतलेली ओळ ठेवायची, नसेल तर टाकून पुन्हा घ्यायची. जत्रेतल्या आकाशपाळण्यात लाल पाळणा तळाशी येईल तेव्हाच बटण दाबायचे ठरवले, तर पाळणा न थांबवताही त्याचा स्वच्छ फोटो मिळतो. मात्र बाकीचा सगळा फेरा नुसते उभे राहावे लागते. इथेही तसेच. निम्म्याहून जास्त मोजमापे वाया जाऊ शकतात, तपासणी लांबते, आणि बाहेर बाकड्यांवर उपाशीपोटी बसलेले पेशंट चुळबुळ करू लागतात.

पण वेळेपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. हृदयाच्या धमन्या पाहायच्या असतील तर आपण श्वासपटल मोजतो आणि धमनी कुठे असेल ते त्यावरून ठरवतो. श्वासपटल एक सेंटिमीटर हलले की हृदय सुमारे ०.६ सेंटिमीटर हलते, असा एक आकडा १९९० च्या दशकात रूढ झाला आणि यंत्रांमध्ये बसला. तो सरासरीचा आकडा आहे. प्रत्यक्षात तो माणसागणिक बदलतो, उजव्या धमनीला वेगळा, डाव्या धमनीला वेगळा. एखाद्याच्या हृदयाला तो लागू पडला नाही तर यंत्र इमानेइतबारे चुकीची दुरुस्ती करते, आणि दुरुस्त केलेले चित्र न केलेल्यापेक्षा जास्त धूसर निघू शकते. या साऱ्या विद्येची गोम मला याच आकड्यात दिसते. जे पाहायचे आहे ते हलताना थेट दिसत नाही. दिसते ते दुसरेच काहीतरी, आणि त्या दोहोंचे नाते आपण मानून चालतो.

पेट स्कॅनमध्ये हे नाते आणखी नाजूक होते. पेटला घाई जमत नाही. फ्ल्युओरिन-१८ लावलेली साखर शिरेतून द्यायची, तासभर थांबायचे, मग पलंगाच्या एकेका टप्प्यावर काही मिनिटे शरीरातून निघणारे कण-किरण मोजायचे. एवढ्या वेळात पेशंट छाती भरून थांबू शकत नाही. पेटचे चित्र हे शेकडो श्वासांची सरासरी असते. त्याच्या जोडीला घेतलेली सीटी मात्र काही सेकंदांतली, म्हणजे श्वासाच्या एकाच क्षणाची. आणि ही सीटी केवळ शेजारी ठेवायला नसते. किरण शरीरातून बाहेर येताना किती शोषले गेले याचा हिशेब तिच्यावरूनच होतो. आता पेशंटने सीटीच्या वेळी नेमका खोल श्वास घेतला तर काय होईल? यकृताचा माथा खाली गेलेला, त्याच्या नेहमीच्या जागी सीटीला फुफ्फुस दिसते, म्हणजे जवळजवळ हवाच. हिशेब म्हणतो, इथे काही शोषले गेलेले नाही. परिणामी यकृताच्या माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराची थंड, रिकामी पट्टी उमटते, जी शरीरात नाही. याच गडबडीत यकृताच्या माथ्यावरची गाठ कधी फुफ्फुसाच्या तळाशी असल्यासारखी दिसते. यकृतातली गाठ आणि फुफ्फुसातली गाठ यांत आजाराच्या टप्प्याचा फरक पडतो, उपचाराचा पडतो. म्हणून पेट-सीटीच्या पेशंटला छाती भरायला सांगत नाहीत. नेहमीसारखा संथ श्वास चालू द्या म्हणतात.

आकड्याचे दुखणे वेगळेच. गाठ किती साखर खाते याचा जो आकडा रिपोर्टात येतो, तो गाठ हलल्यामुळे खाली येतो, कारण तीच चमक मोठ्या जागेवर पसरते. फुफ्फुसाच्या तळाशी असलेली सेंटिमीटरभराची गाठ दोन सेंटिमीटर हलत असेल तर ती प्रत्यक्षापेक्षा मोठी आणि फिकी दिसणार. तीन महिन्यांनी पेशंट पुन्हा येतो, या वेळी जरा निवांत असतो, श्वास उथळ घेतो, आणि आकडा वाढतो. आजार वाढला की भीती कमी झाली? रिपोर्टातल्या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर घरचे लोक रात्रभर चर्चा करतात, म्हणून हे सांगितले.

किरणोपचारात, म्हणजे पेशंट ज्याला शेक म्हणतात त्यात, चित्र हे नकाशाचे काम करते. तिथे धूसरपणा परवडत नाही. त्यासाठी २००३ च्या आसपास चतुर्मित सीटी पुढे आली. ती जवळून पाहण्यासारखी असते. बेंबी आणि छातीच्या हाडाचे टोक यांच्यामध्ये पेशंटच्या पोटावर प्लास्टिकची एक हलकी डबी ठेवतात. तिच्यावर चकाकणारे ठिपके असतात. पायाकडचा इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो आणि पडद्यावर पोटाची वर-खाली होणारी रेघ चालू होते. यंत्र पलंग एका जागी थांबवून एका श्वासाहून थोडा जास्त वेळ तिथलीच चित्रे घेते, मग पुढच्या जागी जाते. शेवटी हजारेक चित्रे जमतात आणि रेघ पाहून ती दहा गठ्ठ्यांत वाटली जातात : श्वास पूर्ण भरलेला असतानाची एका गठ्ठ्यात, पूर्ण सोडलेला असतानाची दुसऱ्यात, मधली मधल्यांत. गठ्ठे ओळीने लावले की पडद्यावर छाती श्वास घेताना दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे फार खरे वाटते.

पण त्या छातीने तो श्वास कधी घेतलेलाच नसतो. खांद्याजवळचे छेद एका श्वासातले, श्वासपटलाजवळचे मिनिटभरानंतरच्या दुसऱ्याच श्वासातले. सगळे श्वास सारखे असते तर बिघडले नसते. मध्येच पेशंटने सुस्कारा सोडला किंवा खोकला आला की श्वासपटलाला पायऱ्या पडतात, गोल गाठीचे दोन तुकडे दिसतात, मधली चकती गायब होते. या स्कॅनची किरणांची मात्रा साध्या सीटीच्या काही पट असते, त्यामुळे नीट आले नाही तर पुन्हा घेऊ, असे सहज म्हणता येत नाही.

इथे एक अन्याय आहे आणि तो नोंदवला पाहिजे. या पद्धती संथ, एकसारखा श्वास घेणाऱ्यावर सगळ्यात छान चालतात. असा श्वास धडधाकट माणसाचा असतो. ज्याच्या फुफ्फुसात गाठ आहे, जो तीस वर्षे विड्या ओढत आला आहे किंवा जिने चुलीपुढे आयुष्य काढले आहे, ज्याला टीबी होऊन गेला आहे, छातीत पाणी साठले आहे, त्याचाच श्वास अनियमित असतो आणि त्यालाच या स्कॅनची गरज असते. नवे तंत्र मांडताना निरोगी स्वयंसेवकांची देखणी चित्रे दाखवण्याचा रिवाज आहे. वाचकाने ती पाहून लगेच हुरळून जाऊ नये.

उपचाराच्या बाजूला हालचालीशी झगडण्याचे प्रकार अनेक, आणि त्यांचा इतिहास रंजक. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोटावर पट्टी दाबून श्वास उथळ करण्याचा सरळसोट उपाय केला गेला. तो आजही वापरात आहे. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात हिरोकी शिरातो आणि सहकाऱ्यांनी गाठीजवळ दोन मिलिमीटरचा सोन्याचा मणी बसवला, क्ष-किरणांनी सेकंदाला तीस वेळा तो पाहिला आणि मणी ठरल्या जागी येईल तेवढ्याच वेळापुरते किरण सोडले. पोटावरची डबी काय सांगते यावर विसंबण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक; पण त्यासाठी फुफ्फुसात मणी बसवावा लागतो आणि पाहण्याचे किरण वेगळे. अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ च्या अहवालात ढोबळ रेषा आखून दिली : गाठ पाच मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर श्वासाचा बंदोबस्त करा. प्रोटॉनच्या शेकात ही रेषाही सैल वाटते. खारघरला टाटा स्मारकाच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार होऊ लागले. तिथला झोत गाठीवर ठिपक्याठिपक्याने, थरावर थर फिरतो. गाठही त्याच वेळी फिरत असते. दोघांच्या चाली जुळल्या नाहीत तर एका जागी दुप्पट मात्रा आणि शेजारी कोरडे, असे होऊ शकते. त्यामुळे एकच थर पुन:पुन्हा रंगवून चूक वाटून टाकावी लागते.

एका ठिकाणी मात्र श्वास मदतीला येतो. डाव्या स्तनाच्या कर्करोगात छाती पूर्ण भरून थांबले की फुफ्फुस फुगते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकते. तेवढ्या वीसेक सेकंदांत किरण दिले की हृदय बरेचसे वाचते. पेशंट बाईंना समोरच्या पडद्यावर स्वतःच्या श्वासाची रेघ दिसते, ती हिरव्या पट्ट्यात ठेवायची असते. बहुतेकींना दोन दिवसांत ते इतके जमते की टेक्निशियनने सांगण्याआधीच रेघ जागेवर असते.

राहिले गणित. श्वासाच्या वेगवेगळ्या अवस्थांतली चित्रे टाकून न देता एकमेकांवर बसवता आली, तर पेटचे सगळे कण कामी येतील, चतुर्मित सीटीच्या सगळ्या गठ्ठ्यांचा उपयोग होईल. एका चित्रातला प्रत्येक बिंदू दुसऱ्या चित्रात कुठे गेला ते शोधणाऱ्या पद्धती १९९० च्या दशकाच्या शेवटी आल्या. त्यांतल्या दोन, झाँ-फिलिप थिरिआँ यांची १९९८ ची आणि डॅनिएल रुकर्ट यांची १९९९ ची, आजही नव्या पद्धतींच्या पाठीशी दिसतात. त्यांचे गृहीतक असे, की शेजारचे बिंदू साधारण एकत्र सरकतात. यकृताच्या आत हे खरे आहे. फुफ्फुस आणि बरगड्या यांच्या सीमेवर साफ खोटे आहे. तिथे फुफ्फुस आवरणाच्या आत घसरते आणि मिलिमीटरभर पलीकडची बरगडी जागची जवळजवळ हलत नाही. गणिताला ही फट दिसत नाही, ते मधे सांधा जोडते. मग बरगडी ताणल्यासारखी होते आणि फुफ्फुसाची कड मागे राहते. या पद्धती तपासायला ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातून निघालेला एक खुला संच फार वापरला जातो : दहा पेशंट, प्रत्येकाच्या फुफ्फुसात तज्ज्ञांनी लावलेल्या ३०० खुणा. काम मोलाचे आहे. पण दहा माणसांच्या फुफ्फुसांत उत्तीर्ण झालेले गणित जगभरच्या फुफ्फुसांत उत्तीर्ण झाले असे आपण किती सहज धरून चालतो! आणि खुणा फुफ्फुसाच्या आतल्या शिरांच्या फाट्यांवर असतात. कडेवर, जिथे चूक होते, तिथे त्या विरळ.

अलीकडचा प्रवाह डबी, नॅव्हिगेटर असे सगळेच बाजूला ठेवून खुद्द स्कॅनच्या माहितीतून श्वास शोधण्याचा आहे. एमआरआयच्या रेषा समांतर न घेता मध्यातून आरपार, दर वेळी १११.२५ अंश वळवून घेतल्या, तर प्रत्येक रेष केंद्रातून जाते आणि केंद्रातला संकेत श्वासासोबत कमी-जास्त होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या ली फेंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याच रेषा श्वासाच्या अवस्थांप्रमाणे वाटून, अपुऱ्या माहितीतून चित्र बांधणाऱ्या गणिताच्या जोरावर श्वास न रोखता यकृताची चित्रे काढून दाखवली. त्यात टाकून देण्यासारखे काही उरत नाही. श्वास चित्राला एक जादा मिती देऊन जातो. मला ही कल्पना या पुस्तकातली सगळ्यात सुंदर वाटते. तिच्या पाठोपाठ आलेल्या, धूसर चित्र क्षणात लख्ख करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मी इतका उत्साही नाही. जुन्या पद्धतींची चूक ओळखू येते : घोस्ट दिसतो, पायरी दिसते, थंड चंद्रकोर दिसते. हजारो यकृते पाहून शिकलेले जाळे चुकते तेव्हा एक अगदी पटण्याजोगे यकृत काढून देते. त्यात तीन मिलिमीटरची गाठ पुसली गेली असेल तर ती शोधायला आपल्याकडे दुसरी खूणच नसते. अशा चित्राशेजारी मूळ, न सुधारलेले चित्र जपून ठेवण्याचा नियम प्रत्येक विभागाने स्वतःपुरता तरी करावा.

वाचनाच्या क्रमाविषयी थोडे. पुस्तक विद्यार्थ्यांसाठी असले तरी गणिताचे प्रकरण ओलांडून पुढे गेले तर काही अडत नाही; डॉक्टरांनी पेटचे प्रकरण आधी घेतले तरी चालेल. ज्यांना रोज कन्सोलवर बसायचे आहे त्यांनी मात्र चतुर्मित सीटीची उदाहरणे पडद्यावर प्रत्यक्ष उघडून पाहावीत, आणि आडव्या छेदांवर थांबू नये. आडव्या छेदात सगळे ठीकठाक दिसते. श्वासपटलाच्या पायऱ्या दिसायला उभा छेद काढावा लागतो.